मोडायचा नाही असा पलंग

अकोला, ११ नोव्हेंबर २०२४

आचलच्या बाबांस,

गाडी आली. तुम्हाला सांगायला फोन केला, तर रामराव भाऊजींनी उचलला आणि "दादा वावरात गेला हाये, वहिनी" म्हणाले. मागून तुमचा खोकला स्वच्छ ऐकू येत होता. धाकट्या भावाला खोटं बोलायला लावण्यापेक्षा पत्र बरं. वाचा नाहीतर चुलीत घाला.

शाळेची जुनी व्हॅन आहे, उंच टपाची, पिवळी. आत उभं राहिलं तर माझ्या डोक्याला टप लागत नाही, तुमच्या लागेल. शेजारच्या शकुनचा भाचा नितेश, ज्याचं अमरावतीला गाड्यांच्या सीटा बनवायचं दुकान आहे, त्याने पाहून घेतली आणि त्यानेच चालवत आणली. इंजिन चांगलं आहे म्हणतो. पैसे माझ्या शिलाईचे आहेत, तेव्हा त्यावर बोलणं नको.

काल सगळ्या सीटा काढल्या. खाली खोडरबर, बोरांच्या बिया आणि एका पोरीची रिबीन निघाली. गाडी रिकामी झाली तेव्हा शकुन आत येऊन मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "इंदू, हे त माह्या सैपाकघराएवढं हाये. याच्यात तू निजशीन कुठं अन् रांधशीन कुठं?" तेच आता ठरवायचं आहे.

दिवाळीत तुम्ही जे म्हणालात ते माझ्या लक्षात आहे. "सारी जिंदगी ट्रकच्या कॅबिनमधी निजलो. आता मले माह्या घरातल्या पलंगावर निजू दे. तुले भटकाचं असन त भटक." आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून हिवरखेडला भाऊजींकडे निघून गेलात. तुमचं म्हणणं मला चूक वाटत नाही. पण तुम्ही ट्रकमध्ये होता तेव्हा मी या घरात होते. तुम्हाला थांबायचं आहे तेवढंच मला निघायचं आहे. कुठे, ते अजून ठरलेलं नाही.

आचलचा नागपूरहून फोन आला होता. "आई, बाबांचा राग उतरू दे, तोवर तू तुझं काम कर" म्हणाली. मी तेच करते आहे.

एक विचारायचं होतं. गाडीत झोपताना डोकं कोणत्या बाजूला करायचं? नितेशला विचारलं तर तो हसला. त्याने गाडीत कधी रात्र काढलेली नाही.

इंदू

•

अमरावती, २६ नोव्हेंबर २०२४

आचलच्या बाबांस,

तुमचं उत्तर आलं नाही. हरकत नाही.

मी नितेशच्या दुकानात आहे, शकुनही सोबत आली आहे. दुपारी तो जेवायला घरी गेला की त्याच्या टेबलावर बसून लिहिते. दोन दिवस त्याच्याशी माझं वाजलं. त्याला मागे मोठा कायमचा डबल बेड हवा, वर चकचकीत सनमायकाची कपाटं. मोबाईलमध्ये फोटो दाखवतो. फोटोत सगळं छान दिसतं, कारण त्यात माणसं नसतात.

मग मी काय केलं, ब्लाउज बेतते तशी गाडी बेतली. दुकानाच्या फरशीवर खडूने गाडीएवढा चौकोन आखला आणि नितेशचा बेड वर्तमानपत्राचे कागद जोडून कापला. अंथरला. अर्धी गाडी संपली. शकुनला म्हटलं, "आता चहा प्यायला बस." ती म्हणाली, "बसू कुठं? निजूनच प्याव लागते." नितेशलाही मग हसू आलं.

म्हणून आता असं ठरलं आहे. दोन्ही भिंतींना लागून लांब पेट्या, त्यांवर गाद्या. दिवसा ती बैठक. मधल्या वाटेवर टेबलाची फळी. रात्री फळी खाली उतरवायची, ती दोन्ही पेट्यांच्या काठांवर बसते, वर पाठीच्या उशा अंथरल्या की झाला पलंग. सकाळी उचललं की परत बैठक. पेट्यांना वरून झाकण ठेवलं होतं, पण शकुन पेटीवर बसली असताना मला आतला डबा हवा झाला तर तिला उठवावं लागे. "तुह्या डब्ब्यासाठी मी किती खेपा उठू?" म्हणाली. मग झाकणं काढून वाटेकडे उघडणारे खण केले.

भिंतींवर कपाटं नाहीत. दप्तराच्या जाड कापडाचे कप्पे मी स्वतः शिवले, झाकणासकट. कापड हलकं असतं आणि वाजत नाही. चष्मा, कंगवा, औषधं, बॅटरी, ज्याची त्याची जागा. शिवताना इतकी मजा आली की नितेशच्या बायकोने चहा आणून ठेवला तो गारठून गेला. इतकी वर्षं शाळेचे गणवेश शिवले, सगळे एकसारखे. हे पहिल्यांदाच काहीतरी असं शिवलं की ज्याचं माप कोणी दिलेलं नव्हतं.

काल पलंग लावून पाहिला. मी बसले, काही झालं नाही. शकुन बसली आणि फळी मधोमध वाकून खाली आली. शकुन फळीवर, फळी फरशीवर, आणि ती तिथेच पाय पसरून पोट धरून हसत बसली. उठवायला दोघं लागले. आता फळीखाली लोखंडी पट्टी येणार आहे.

इंदू

•

अकोला, १२ डिसेंबर २०२४

आचलच्या बाबांस,

पोस्टकार्ड मिळालं. खाली नाव नाही, वर "प्रिय" नाही, "कशी आहेस" नाही. शकुनने वाचून परत दिलं आणि म्हणाली, "हे नवऱ्याचं पत्र हाये का मोटार मेकॅनिकचं?" मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही एकच. कार्डावर एवढंच होतं:

"डोकं डायवर सीटकडं करजो. मागच्या दाराच्या फटीतून वारा येते, डोकं धरते. गाडी उभी केली की पाण्याची शिशी आडवी ठेवून पाह्यजो. जिकडं लोळन तिकडं उतार. उताराकडं डोकं आलं त सकाळी तोंड सुजते. जड सामान खाली अन् मधात."

मी दिवाणखान्यात बसून ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तुम्ही घरी यायचात तेव्हा दोन दिवस झोपायचात, आणि उठलात की पुन्हा निघायचात. तुम्ही तिकडे कसे झोपता हे मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. उताराला शिशी लावून झोपणारा माणूस माझ्या घरात राहत होता आणि मला माहीत नव्हतं.

तर सांगितल्याप्रमाणे सगळं फिरवलं. उशाची बाजू पुढे आली. पाण्याची टाकी मागे टांगणार होतो, ती खाली, मधोमध घेतली. नितेश म्हणाला, "मावशी, काकांना दुकानातच बोलावून घ्या." मी म्हटलं, तू बोलावून पाहा.

आता माझं एक सांगते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की गाडी नितेशने आणली. ते खरं आहे. पण यापुढे ती मी चालवणार आहे. दसऱ्यापासून ड्रायव्हिंग क्लासला जाते. तुम्ही दुपारी झोपायचात तेव्हाच मी जायचे, पिशवी घेऊन, भाजीला म्हणून. भाजीही आणायचे. शिकवणारी आकांक्षा नावाची मुलगी आहे, आचलपेक्षा लहान. पहिल्या दिवशी म्हणाली, "काकू, क्लच मशीनच्या पायडलसारखा समजा, एकदम सोडायचा नाही." मला एकदम कळलं. परवा लायसन्स आलं. फोटो वाईट आहे, पण मीच आहे. गाडीतल्या बदलांचे कागदही आरटीओत दाखल झाले, नितेशने ते सगळं रीतसर केलं.

तुम्हाला राग येईल का, हा विचार केला. मग वाटलं, तो आलेलाच आहे, त्यातच हाही जाईल.

इंदू

•

चिखलदरा, २९ डिसेंबर २०२४

आचलच्या बाबांस,

ही चिठ्ठी मी गाडीत बसून लिहिते आहे. समोर दरी आहे, धुकं आत्ता कुठे उठतं आहे. शकुन शाल गुंडाळून इथल्याच कॉफीची पूड पाण्यात उकळते आहे, चहासारखी. मीही तीच पिते.

परतवाड्यापर्यंत मी आणली. घाट नितेशने चढवला आणि तो इथल्या मित्राकडे मुक्कामाला गेला. घाटाच्या दुसऱ्याच वळणाला डावीकडचे सगळे खण एकदम बाहेर आले. पुढच्या वळणाला ते आत गेले आणि उजवीकडचे बाहेर आले. तुरीची डाळ, पोहे, शकुनच्या बांगड्यांचा डबा, सगळं वाटेत. शकुन मागे बसून पायाने खण दाबत होती, दोन पाय आणि चार खण. वर पोहोचेपर्यंत तिचा आवाज बसला होता. नितेश म्हणाला, घरातल्या कपाटाच्या कड्या लावल्या, चूक झाली, गाडीला दाबून उघडणारी कडी लागते. उद्याच अमरावतीला बदलणार आहे. डाळ आम्ही वेचून धुतली आणि तिचंच वरण केलं.

कड्या बदलता येतील, पण झोपेत खरी अडचण निघाली. शकुनला पहाटे जाग येते आणि लगेच चहा लागतो. मला तेव्हाच गाढ झोप. ती उठली, पण बसायला जागाच नाही, कारण बसायच्या जागेचाच पलंग केलेला. थंडीत बाहेर किती उभी राहणार? शेवटी मला उठवलं, फळी काढली, उशा उचलल्या आणि मी पेटीवर बसून डुलक्या घेतल्या. दोन माणसांनी एकाच वेळी उठायचं, एकाच वेळी झोपायचं, असं फक्त माझ्या खडूच्या चौकोनात होतं.

काल दुपारी मात्र गाडीने लाज राखली. मोटारसायकलवर एक नवरा-बायको आले होते, मूल वाऱ्याने काकडलेलं. त्यांना आत बोलावलं. सगळे मांडीला मांडी लावून बसलो, चहा झाला, मूल गादीवर झोपी गेलं. ती बाई निघताना सगळे कप्पे उघडून पाहून म्हणाली, "घरात पण एवढं हाताशी नसते, मावशी." शकुनने अशी मान हलवली जसं काही तिनेच शिवलं.

उद्या घाट मी उतरवणार आहे. तुमच्याच ट्रकच्या गोष्टीतलं आठवतं, उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, ज्या गिअरमध्ये चढते त्यातच उतरवायची. तेवढं मला पाठ आहे.

इंदू

•

अकोला, १६ जानेवारी २०२५

आचलच्या बाबांस,

घाट उतरला. एकदाही इंजिन बंद पडलं नाही. परतवाड्याला गाडी लावून दोन कप चहा प्यायले.

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी रामराव भाऊजींचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, "वहिनी, दादाले खाटेवर झोपच येत नाही. कूस बदलत राह्यते. दुपारी मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मस्त निजते. तुमचं पत्र आलं की पोरांले वाचून दाखवते, गाडीचा भाग तेवढा." हे मी तुम्हाला चिडवायला लिहीत नाही. मला ऐकून बरं वाटलं नाही. पलंगावर निजायचं एवढं म्हणालात, आणि तिथे खाटेवरही झोप लागू नये, हे चांगलं नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तुमचं दिवाळीतलं वाक्य होतं. मला आधी वाटायचं तुम्हाला घर हवं. आता वाटतं तुम्हाला एवढंच हवं की आपण निजलो त्या जागेवरून कोणी उठवू नये. हमाल येतो, पोलीस येतो, मालकाचा फोन येतो, उठ आणि गाडी काढ. इतकी वर्षं तेच.

म्हणून गाडीची डावी बाजू पुन्हा बांधली. डाव्या भिंतीला एक पलंग आहे, तो मोडत नाही. दिवसा नाही, रात्री नाही, पाहुणे आले तरी नाही. त्याखाली खण आहेत, नव्या कड्यांचे. उजवीकडची माझी बाजू मोडती आहे. तिला लाकडी पट्ट्या आहेत, एक सोडून एक, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावी तशा. रात्री ओढल्या की माझी गादी तुमच्या, म्हणजे डाव्या पलंगाला येऊन लागते. सकाळी आत ढकलल्या की मी बसते, चहा करते, आणि डाव्या पलंगावरच्या माणसाला धक्काही लागत नाही. नितेशने हे करताना तीनदा खोललं आणि तीनदा जोडलं, पण आता एका बोटाने सरकतं.

आता राहिलेलं सांगते. कुठे जायचं ते ठरलेलं नाही असं मी लिहिलं होतं. ते पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. मी तुमच्या पॅन्ट धुवायचे तेव्हा खालच्या दुमडलेल्या मोहरीत माती अडकलेली असायची. कधी लाल, कधी पिवळी, आपल्याकडची काळी कधीच नाही. मी ती नळाखाली धरून बघायचे, ही कुठली असेल. तुम्ही जबलपूर म्हणायचात, रायपूर म्हणायचात, विजयवाडा म्हणायचात, आणि जेवायला बसायचात. मला ती गावं बघायची आहेत. भटकायला नाही. तुम्ही जिथे होता तिथे जायचं आहे.

२६ तारखेला, झेंडावंदन झाल्यावर, मी हिवरखेडला येते. टाकीत पाणी भरून घ्यायचं आहे आणि जाऊबाईंच्या हातचा ठेचा न्यायचा आहे. येणं न येणं तुमच्यावर. नाही आलात तर शकुन तयार आहे, तिने पिशवीही भरली आहे.

इंदू

•

धामणगाव रेल्वे, २८ जानेवारी २०२५

इंदूस,

तू जिनिंगच्या चौकीदाराच्या बायकोसंगं कापसाचे ढीग पाहाले गेली हायेस. मी तुह्या गाडीत बसून लिवून राहिलो. तू येशीन तवा हा कागद तुह्या चष्म्याच्या कप्प्यात ठेवलेला राहीन. तोंडानं मले एवढं सांगता येत नाही, हे तुले माहीत हाये.

परवा तू रामरावच्या आंगणात गाडी लावली तवा मी ओट्यावर बसून होतो. तू मले काही म्हटलं नाही. पाणी भरलं, रामरावच्या बायकोसंगं बोलली, पोरांले गाडी दाखवली. मले वाटलं, आता ईन अन् म्हणन, चला. तू आलीच नाही. मंग मीच उठलो. म्हटलं कड्या पाहू, बरोबर बसवल्या का नाही. कड्या पाह्यल्या. मंग पलंगावर हात ठेवून पाह्यला. मंग म्हटलं, लांबी पाहू, अन् आडवा झालो. पाय बरोबर पुरले. कॅबिनमधी माहे गुडघे सदा दुमडून राहत. तुले विचारलं, "मी इथं होतो, माप कसं घेतलं?" तू म्हणाली, "तुमचे पायजमे मीच शिवते."

पिशवी आणाले गेलो.

रामराव हसला, पण तोंड फिरवून. शकुनले तू फोनवर सांगितलं, पिशवी आता रिकामी कर म्हून. थे म्हणाली, "पुढच्या खेपेले मी, अन् श्रावणभाऊ घरी." ठीक हाये म्हणा.

इंदू, मी डाव्या सीटवर कधी बसलो नव्हतो. बसलो तरी किलिनर गाडी शिकत असन तवा, अन् तवा नजर सारी त्याच्या हातावर. अंजनगावपासून अमरावतीपर्यंत मी तुह्या हाताकडं पाहून राहिलो. दोनदा माहा पाय आपोआप ब्रेकवर गेला, अन् तिथं ब्रेकच नाही. तुले दिसलं. मंग कधी मधात मी खिडकीबाहीर पाहाले लागलो. संत्र्याचे बगीचे पाह्यले. थ्या रस्त्यानं मी किती खेपा गेलो असन, पण मले थो रस्ताच माहीत होता, आजूबाजूचं नाही.

आता काल काय झालं थे. अमरावती सोडली, बडनेरा गेलं, अन् मले झोप लागली. पट्टा लावलेला, मान खिडकीले टेकलेली. जाग आली तवा चांदूर रेल्वे मागं पडलं होतं. तुले वाटलं असन, म्हातारा थकला. तसं नाही. चालत्या गाडीत दुसऱ्याच्या हाती स्टेअरिंग असताना मले कधीच झोप आली नाही. किलिनर चांगला होता तरी नाही, जोडीदार डायवर जुना होता तरी नाही. डोळे मिटत, पण कान इंजिनावर राहत. काल कान बी निजले. हे डायवरच्या जातीतलं माणूसच समजन, पण तुले बी समजन आता, तू बी त्याच जातीची झाली.

धामणगावले तूच थांबू म्हणाली, मी कापसाच्या गठाणी इथून भरत होतो म्हून. भरणी व्हाले दोन दोन दिवस लागत. थ्या निंबाखाली आमी चूल मांडत होतो, थे जागा तुले दाखवली. तू तिथं बसली, मातीले हात लावला. मी म्हटलं, "हे त आपलीच काळी माती हाये, हे काय पाहतं?" तू म्हणाली, "सुरुवात इथून करू." मले तवा हसू आलं. आता लिवताना येत नाही.

सकाळी तू उठली, पट्ट्या आत ढकलल्या, गॅस पेटवला. मले सारं ऐकू येत होतं. मी डोळे मिटून पडून राहिलो. कोणी उठवलं नाही. चहा उशाशी आला तवा उठलो.

उद्या नागपूरले आचलकडं जेवण, अन् मंग जबलपूर. शिवनीच्या पुढं रस्ता जंगलातून जाते, वळणं हायेत, माकडं आडवी येतात. मी गाडी मागत नाही. तू थकली त सांगजो, मी घेईन. नाही थकली त चालवत राह्य. जबलपूरले मी गोदामाच्या पलीकडं कधी गेलो नाही. तिथं नर्मदा हाये म्हणतात. आपण दोघं मिळून पाहू.

तू येऊन राहिली, दिसलीस मले खिडकीतून. केसात कापूस अडकला हाये तुह्या. पेन ठेवतो.

श्रावण